सिल्डर कुणामुळे मेला? एका टेबलावरच्या लढाईचं प्रकरण

आधीच सांगतो: 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' अजून खेळायचं असेल तर इथेच थांबा. त्यातली पहिली गुहा मी पुढे पूर्ण उघडी करणार आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, फासे टाकून पात्रांच्या भूमिका खेळायच्या खेळाच्या 2014 च्या स्टार्टर सेटमध्ये हे साहस, म्हणजे तयार कथानक, आलं आणि आपल्याकडच्या कितीतरी डीएमनी (गोष्ट सांगणाऱ्या, शत्रू चालवणाऱ्या सूत्रधारांनी) श्रीगणेशा त्याच्यावरच केला.

टेबल पुण्यातलं. खेळणारे चौघं, सगळे पहिल्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या लेव्हलचे. फायटर (लढवय्या) खेळणारा नवरा, क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) खेळणारी बायको. ती नवखी होती. टेबलावर सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. विझर्डवाल्याला, म्हणजे जादूगार खेळणाऱ्याला, नियमपुस्तक जवळजवळ पाठ. चौथा सगळ्यांत धाकटा, डीएमचा मावसभाऊ. त्याच्या पात्राचा क्लास, म्हणजे पेशा, 'रोग' (rogue), पण टेबलावर त्याला चोरच म्हणतात. मी त्या संध्याकाळी पाहुणा होतो. लढाया रेंगाळतात आणि लोक कंटाळतात, जरा बसून बघ, असं डीएमने सांगितलं होतं. बघायला मिळालं ते वेगळंच.

गुहेपर्यंत पोचतानाच पार्टीची दमछाक झाली होती. साहसाची सुरुवात रस्त्यावरच्या घातपाताने होते: वाटेत दोन मेलेले घोडे आणि झाडीत चार गॉब्लिन (बुटके, लुटारू राक्षस). कागदावर ही किरकोळ चकमक दिसते. पण 2014 च्या डीएम गाइडच्या हिशेबाने चार गॉब्लिनचे 200 एक्सपी (अनुभवाचे गुण, यांवरून लढाई किती अवघड ते मोजतात), संख्येमुळे दुप्पट धरले की 400. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी 'डेडली', म्हणजे जीवघेण्या, लढाईची रेषाही बरोबर 400 वरच आहे. वीस बाजूंच्या फाशावर गॉब्लिनला हल्ल्यासाठी +4 मिळतात, म्हणजे एसी 12 च्या (बेरीज निदान 12 आली तरच घाव लागतो अशा) विझर्डला त्याचा बाण शंभरातले 65 वेळा लागणार. बाणाचं नुकसान 3 ते 8, आणि आमच्या विझर्डचे एचपी (जीव मोजणारे गुण) आठ. एका बाणात माणूस आडवा होऊ शकतो, आणि तसा तो झालाही. वहिनींचे दोन्ही स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) त्याला आणि नवऱ्याला उभं करण्यात गेले. विझर्डकडे एक स्लॉट शिल्लक राहिला.

अशा अवस्थेत ते क्रॅगमॉ टोळीच्या गुहेत शिरले आणि चढून गॉब्लिनांच्या मोठ्या दालनात पोचले. या दालनाचे दोन भाग आहेत, आणि वरचा भाग दहा फूट उंचावर आहे. दालनात म्होरक्या येमिक धरून सहा गॉब्लिन, आणि वर येमिकच्या हातात बांधलेला ओलीस, सिल्डर हॉलविंटर नावाचा योद्धा. सिल्डरकडे एकच एचपी. येमिक त्याला कड्याच्या टोकाशी ओढतो आणि तह करा म्हणून ओरडतो. त्याला आपला वरिष्ठ क्लार्ग नको झालाय. तुम्ही क्लार्गचं मुंडकं आणा, मी हा माणूस सोडतो, असा सौदा. (सौदा खोटा आहे. मुंडकं आणलं तरी तो वर खंडणी मागतो, असं साहसातच लिहिलंय.) नकार दिलात तर तो सिल्डरला खाली ढकलतो. पडण्याचं नुकसान एक डी-सहा (सहा बाजूंचा फासा), म्हणजे सिल्डर शून्यावर.

एरवी मला हा प्रसंग फार आवडतो. शिकाऊ डीएमच्या हातात पहिल्याच गुहेत असा शत्रू दिलाय ज्याला स्वतःचं काहीतरी हवंय.

वहिनी पुढे झाल्या. "तुझा साहेब लुटीतला वाटा किती देतो तुला?" असा त्यांचा पहिला प्रश्न. डीएम खुलला. त्याने नाकातला, किरकिरा आवाज काढून येमिकचं गाऱ्हाणं सुरू केलं: हाडं मला, मांस त्याला, आणि लांडगासुद्धा माझ्याआधी जेवतो. वहिनी हसत होत्या, घासाघीस करत होत्या. विझर्डवाला मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होता. फायटरवाल्याने आपली मिनी (पात्राची छोटी मूर्ती) ग्रिडवर, म्हणजे चौकटींच्या पटावर, एक चौकट पुढे सरकवली आणि हात काढून घेतला. चोर वीस बाजूंचा फासा बोटांवर फिरवत होता. तो दोनदा टेबलाखाली पडला.

तिसऱ्यांदा त्याने तो मुद्दाम टाकला. "मी येमिकला बाण मारतो. सतरा."

"लागला," डीएम म्हणाला. नुकसान पुरेसं नव्हतं, येमिक उभाच राहिला. "तो सिल्डरला ढकलतो. आता सगळे इनिशिएटिव्ह टाका."

पुढची लढाई थोडक्यात सांगतो. इनिशिएटिव्ह म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा; त्यात वहिनींची पाळी सगळ्यांत शेवटी आली. त्यांच्याकडे मरणाऱ्याला स्थिर करण्याचा कँट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा मंत्र) होता, पण त्याला स्पर्श लागतो आणि मध्ये गॉब्लिन उतरले होते. डीएम सिल्डरचे डेथ सेव्ह (शून्यावर पडलेला जगतो की मरतो ते ठरवणारे फासे, तीन अपयशं म्हणजे मरण) स्क्रीनमागे, आपल्या आडोशाच्या पुठ्ठ्यामागे, टाकत होता. पहिल्यात एक आला, म्हणजे दोन अपयशं. दुसऱ्या फेरीत तिसरं. सिल्डर गेला. फायटरने येमिकला मारलं, उरलेल्यांतले काही पडले, काही पळाले. कागदोपत्री पार्टी जिंकली.

मग टेबलावरची लढाई सुरू झाली.

"अरे, मी बोलत होते ना त्याच्याशी!"

"वहिनी, किती वेळ बोलताय तुम्ही. तो देणार नव्हताच त्याला."

"माझा स्लीपचा, झोपेचा मंत्र तयार होता," विझर्डवाला म्हणाला.

"मग सांगायचंस ना आधी," फायटरवाला.

"सांगू कसं? कॅरेक्टर सोडून बोलायचं नाही असा नियम आहे ना इथे."

माझ्या लेखी सगळं प्रकरण या शेवटच्या वाक्यात आहे. त्या रात्री मात्र ते कुणाच्या लक्षात आलं नाही. चर्चा लगेच चोराच्या स्वभावावर गेली.

दुसऱ्या दिवशी डीएमने मला केलेलं निदान असं होतं: आमच्याकडे दोघांना मारामारी हवी आहे, एकीला नाटक हवं आहे, एकाला गणित. चौघांना एका टेबलावर कसं सांभाळायचं? ही वाटणी जुनी आहे. अशा खेळांवर लिहिणाऱ्या ग्लेन ब्लॅकाउने 1980 मध्येच खेळण्याचे चार कल मांडले होते: ताकद वाढवणं, भूमिका जगणं, युद्धखेळ आणि गोष्ट सांगणं. पुढे खेळ रचणाऱ्या रॉबिन लॉजने त्याच धाग्यावर खेळाडूंची लांब यादी केली. अशा याद्या आठवड्याची तयारी करताना उपयोगी पडतात, हे मान्य. पण भांडण मिटवायला त्या आणल्या की प्रत्येकाच्या कपाळावर चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी लागलेला माणूस तसाच वागायला लागतो. चोराला 'हा मारामारीवाला' म्हटलं की पुढच्या वेळी तो बाण मारणारच.

शिवाय इथे चिठ्ठ्या चुकीच्या होत्या. विझर्डवाल्याची वही मी नंतर मागून घेतली. त्यात असं होतं: स्लीप म्हणजे पाच डी-आठ (आठ बाजूंचे पाच फासे), सरासरी 22.5 एचपीचे जीव झोपतात. सगळ्यांत कमी एचपीवाल्यापासून सुरुवात. सिल्डर 1, मग गॉब्लिन 7, 7, 7. बेरीज 22. ओलीस आणि तीन गॉब्लिन एका मंत्रात झोपणार होते. म्होरक्या झोपेलच याची खात्री नव्हती आणि झोपलेला सिल्डर कड्यावरून घसरला तर काय, हा प्रश्न त्याने खाली लिहून दोनदा अधोरेखित केला होता. वीस फुटांच्या वर्तुळात जास्तीत जास्त गॉब्लिन यावेत म्हणून तो थांबला होता, आणि वहिनींच्या बोलण्याने ते येमिकभोवती गोळा होतही होते. फायटरने मिनी सरकवली होती ती कड्याच्या खाली, सिल्डर पडला तर झेलता येईल म्हणून. चोराला विचारलं तर तो म्हणाला, म्होरक्या एका बाणात पडला असता तर सिल्डर वाचला असता.

चौघांनाही सिल्डर जिवंत हवा होता. वहिनींचं बोलणं, विझर्डचं गणित, फायटरची चौकट, चोराचा बाण, सगळं त्याच्यासाठी. टेबलाला एकमेकांशी बोलायची जागा तेवढी नव्हती. डीएमने 'रंगात राहा' म्हणून जो नियम केला होता, त्याने नाटक चांगलं झालं असेल, पण सहा सेकंदांची एक फेरी जगणारे हे साथीदार आहेत. प्रत्यक्षात त्यांनी एकमेकांकडे नुसतं बघितलं असतं तरी बाण थांबला असता. दिवाणखान्यात बसलेल्या चौघांना ती नजर मिळत नाही, म्हणून तोंडाने बोलायची सोय लागते.

इथे इतिहासातलं एक उदाहरण सांगायचा मोह होतो. 1969 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉलकडे डेव्हिड वेस्लीने ब्राउनस्टाइन नावाचा युद्धखेळ मांडला. लष्करी सेनापतींबरोबर गावातल्या माणसांच्याही भूमिका दिल्या. खेळाडू सैन्य हलवायचं सोडून एकमेकांशी कारस्थानं करायला लागले, दोघांनी तर परस्पर द्वंद्व ठरवलं. वेस्लीला वाटलं खेळ फसला. खेळणाऱ्यांनी पुन्हा मागितला. डेव्ह आर्नेसन त्याच मंडळातला, आणि त्याने गॅरी गायगॅक्सबरोबर केलेला खेळ, म्हणजेच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', 1974 मध्ये छापून आला. बोलणं आणि लढणं यांची ओढाताण या छंदाच्या जन्मापासूनच आहे, एका मावसभावाला त्यासाठी दोषी धरण्यात अर्थ नाही.

आता बाणाचा नियम. डीएमने चोराला बाण फुकट दिला, इनिशिएटिव्ह नंतर मागितली. बहुतेक टेबलांवर असंच होतं, आणि इथेच घोळ आहे. 2014 च्या नियमांत 'सरप्राइज' तेव्हाच असतं जेव्हा समोरच्याला धोका जाणवलेलाच नसतो. समोरासमोर तहाची बोलणी चालू आहेत, धनुष्य हातात दिसतंय, तर चकित कुणीच होत नाही. अशा वेळी 'मी बाण मारतो' म्हटल्याक्षणी इनिशिएटिव्ह टाकायची आणि बाण चोराच्या पाळीला सुटायचा. त्याच्या आधी येमिकची पाळी आली तर ढकलणं आधी, विझर्डची आली तर स्लीप आधी, वहिनींची आली तर त्या ओरडून थांबवूही शकतात. फुकट बाण दिला की जो आधी बोलेल त्याचा फायदा होतो, आणि मग पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत सगळे बोलणं सोडून फासा हातात घेऊन बसतात. नियमाचा हा एवढासा तुकडा टेबलाची सवय घडवतो.

दुसरी गोष्ट वेळेची. घातपाताच्या लढाईत प्रत्येक गॉब्लिनला वेगळी इनिशिएटिव्ह होती, प्रत्येकाचं नुकसान वेगळं टाकलं जात होतं. विझर्डवाला पाळी आल्यावर मंत्र वाचायला घ्यायचा. चोराची पाळी एका वाक्यात संपायची आणि मग तो बराच वेळ नुसता बसून राहायचा. त्यावर वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा त्याच्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी बाण त्याने मारलाच, त्याची जबाबदारी त्याचीच. पण लग्नाच्या पंगतीत ज्याच्या पानावर शेवटपर्यंत काही वाढलं नाही, त्याने हात धुवायला उठणं यात नवल ते काय?

आणि तिसरी, स्क्रीन. सिल्डरचे डेथ सेव्ह कुणी पाहिले नाहीत. चोराला खात्री होती की दादाने मला अद्दल घडवायला त्याला मारला. मी डीएमच्या शेजारीच होतो, फाशावर एक आलेला मी पाहिला. पण ज्या फाशावर मित्राचं मरण ठरतं तो झाकून टाकायचा आणि वर विश्वास ठेवा म्हणायचं, हे चालत नाही.

डीएमने पुढच्या वेळी काय बदललं ते सांगतो. सिल्डर मेला तो मेलाच. ते मागे फिरवायचं नाही, यावर सगळे एकमताने ठाम होते, चोरसुद्धा. पार्टीला कामावर घेणाऱ्या गंड्रनला कुठे नेलंय ही सिल्डरकडची माहिती पकडलेल्या गॉब्लिनच्या तोंडून आली. गॉब्लिनांचा आता एकच फासा इनिशिएटिव्हला आणि ठरीव पाच नुकसान. पाळी संपली की डीएम पुढच्याला नावाने सांगतो, तू तयार राहा. कॅरेक्टर सोडून बोलायला पूर्ण मुभा, आणि समोरासमोरच्या प्रसंगात कुणी हत्यार उचललं तर काहीही सुटायच्या आधी बाकीच्यांना एकेक वाक्य. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे किंमत आधी सांगायची: हे केलंस तर हे होईल असं तुझ्या पात्राला दिसतंय, तरी करतोस का?

हिंमतीचा फासा मी सुचवला. टॉम मोल्डवेच्या 1981 च्या बेसिक संचात, म्हणजे याच खेळाच्या जुन्या आवृत्तीत, प्रत्येक राक्षसाला 2 ते 12 मधला मोराल आकडा असतो. टोळीतला पहिला मेला की आणि निम्मी टोळी संपली की दोन डी-सहा टाकायचे, आकड्यापेक्षा जास्त आले तर ते हटतात. गॉब्लिनचा आकडा 7, राजा सोबत असेल तर 9. सातवर हटण्याची शक्यता 36 पैकी 15, साधारण 42 टक्के. 2014 च्या डीएम गाइडमध्येही ऐच्छिक नियम आहे, दहाच्या विझ्डम सेव्हचा (शहाणपणाच्या जोरावर फाशावर दहा आणायचे), पण तो फारसा कुणी उघडत नाही. मला जुना आवडतो कारण दोन फासे सगळ्यांसमोर पडतात आणि टेबल श्वास रोखून बघतं. लढाईचा सगळ्यांत कंटाळवाणा भाग शेवटचा असतो, निकाल लागलेला असताना उरलेले एचपी खरवडत बसायचा. तो यात कापला जातो.

बाहेर जाऊन, रात्रभर विश्रांती घेऊन ते क्लार्गसाठी परत आले. कुत्र्यांसारखे साखळीला बांधलेले लांडगे असतात त्या खोलीतून वर जाणारी एक फट आहे, ती विझर्डवाल्याच्या लक्षात होती. वरून कुणाला पळायचं असेल तर वाट हीच. मग खाली थांबणार कोण? चोर म्हणाला, मी.

डीएमने किंमत सांगितली. "तू एकटा असशील. क्लार्गचा एक फटका सरासरी अकरा. तुझे नऊ."

"थांबतो."

वर फायटर आणि वहिनी लढले. लांडगा मेला. साहसात लिहिल्याप्रमाणे लांडगा मेल्यावर क्लार्ग फटीतून उतरून पळायला बघतो. चोर पाचेक फेऱ्या अंधारात नुसता बसला होता, दर पाळीला "थांबलोय" म्हणत, आणि एकदाही फोनकडे बघितलं नाही. क्लार्गचा पाय दिसला तेव्हा त्याने सगळ्यांकडे बघून विचारलं, "मारू ना?" वहिनी म्हणाल्या, "मार रे बाबा."

नाराजी राहिलीच, पण वेगळ्या बाजूने. फायटरवाल्याला मोराल आवडला नाही. त्याच्या मते निम्मी टोळी पळाली म्हणजे त्याचे निम्मे घाव बुडाले. त्याला ग्रिड, पाच-पाच फुटांचा हिशेब आणि शेवटपर्यंत टिकणारा शत्रू हवा असतो. ही मात्र खरी आवडीतली तफावत आहे, बोलून सुटण्यासारखी नाही. बेसिक संचात सांगाडे आणि झोंबींचा मोराल 12 आहे, ते कधीच हटत नाहीत. म्हणून डीएमने त्याला साहसातल्याच ओल्ड आऊल वेल या ठिकाणाकडे वळवलं, तिथे बारा झोंबी आहेत.

पण तिथे तंबूत हामुन कॉस्ट नावाचा जादूगारही आहे, आणि तो बोलायला तयार असतो. वहिनींनी अर्थातच बोलणं काढलं. फायटरवाल्याने कॅरेक्टर सोडून सरळ सांगितलं, मला झोंबी मारायचेत, मी त्यासाठीच आलोय. चर्चा झाली, तीन विरुद्ध एक. बारा झोंबी उभेच राहिले. बदल्यात कॉस्टने वायव्हर्न टॉर या टेकडीवरचे ऑर्क (रानटी योद्धे) हुसकायचं काम दिलं, त्यांच्याबरोबर एक ओगरही (धिप्पाड राक्षस) आहे. फायटरवाल्याने होकार देताना एक अट घातली: ऑर्कांच्या सरदाराला आणि ओगरला मोरालचा फासा नाही. डीएमने ती मानली.

किंमत आधी सांगण्यावरून विझर्डवाला आणि डीएम यांचं अजून जमत नाही. विझर्डवाला म्हणतो, आकडे सांगितलेस की भीती जाते. डीएम आता जीव जाण्यासारखं असेल तेव्हाच आकडा सांगतो, एरवी नुसतं वर्णन. मला हेही पटत नाही. पण ते टेबल त्याचं आहे.